हँडब्रेकची वायर मोकळी सोडा : मुंबईतील स्टिरिओ फिटर आणि ॲक्सेसरी दुकानदारांना खुले पत्र

प्रति,
मुंबई आणि उपनगरांतील गाडी-ॲक्सेसरीचे दुकानदार, स्टिरिओ फिटर व ऑटो इलेक्ट्रिशियन बंधू यांस,

स.न.वि.वि.

मी गेली बावीस वर्षे तुमच्याच धंद्यात आहे. पहिली सात वर्षे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, आधी पाने-पक्कड हातात देणारा पोऱ्या म्हणून आणि मग फिटर म्हणून काढली. त्यानंतर भांडुपला स्वतःचा गाळा घेतला. मी काम शिकलो तेव्हा कॅसेट प्लेअर मागे पडत होते आणि सीडीचे सेट येऊ लागले होते. डॅशबोर्डातली खाच तेव्हा ठरलेल्या मापाची असे, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, फार तर त्याच्या दुप्पट उंचीची, म्हणजे ज्यांना आपण सिंगल डिन आणि डबल डिन म्हणतो त्या. आज त्याच खाचेवर नऊ आणि दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन बसते, तिच्यासाठी गाडीच्या मॉडेलनुसार फ्रेम आणि कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, तयार मिळतो, आणि ज्या कामाला पूर्वी अर्धा दिवस जाई ते हाताखालचा मुलगा तासाभरात उरकतो. त्या तासाभरात आपण ज्या वायरी जोडतो, त्यांतल्या एका वायरीबद्दल मला तुमच्याशी बोलायचे आहे.

ती वायर कोणती, हे तुम्हाला सांगायला नको; पण हे पत्र गाडीमालकही वाचतील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हँडब्रेक ओढला की त्याच्या बुडाशी असलेला लहानसा स्विच आपली वायर गाडीच्या बॉडीशी जोडतो, यालाच आपण अर्थ (अर्थिंग) मिळणे म्हणतो, आणि मीटरमधला लाल दिवा लागतो. स्क्रीनच्या हार्नेसमधून, म्हणजे मागच्या वायरींच्या जुडग्यातून, एक बारीक वायर निघते, तिच्यावर बहुधा ‘ब्रेक’ किंवा ‘पार्किंग’ अशी चिठ्ठी असते, आणि ती या स्विचच्या वायरीला जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला असेल तर तिला अर्थ मिळतो, सेटला कळते की गाडी उभी आहे, आणि तो व्हिडिओ दाखवतो. हँडब्रेक सोडला की अर्थ तुटतो आणि चित्र बंद होऊन फक्त आवाज उरतो. एवढीच ती यंत्रणा आहे. तिच्यात ना महागडा सेन्सर आहे, ना काही गुंतागुंत. चालत्या गाडीत चालवणाऱ्यासमोर सिनेमा लागू नये एवढ्यासाठी सेट बनवणाऱ्याने ती ठेवलेली आहे.

आपण मात्र ती वायर हँडब्रेकपर्यंत नेत नाही. तिचे टोक सोलतो, काळ्या अर्थच्या वायरीला पिळ देतो, वर टेप गुंडाळतो आणि फ्रेम दाबून बसवतो. त्या क्षणापासून सेटच्या दृष्टीने हँडब्रेक कायमचा ओढलेला असतो, गाडी घोडबंदरच्या चढावर असो की अटल सेतूवर. काही चांगल्या सेटना ही चलाखी कळते; त्यांना हँडब्रेक ओढला, सोडला, पुन्हा ओढला असा क्रम दिसावा लागतो, तर त्यासाठी क्रम भासवणारे छोटे बायपास मिळतात आणि आपण तेही बसवतो. स्वस्तातल्या अनेक अँड्रॉइड सेटना तर वायरीचीही गरज पडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन चालत्या गाडीत व्हिडिओचा पर्याय चालू केला की झाले.

हे काम मी स्वतः शेकड्यांनी केले आहे. मला ते कोणी वाईट हेतूने शिकवले नाही. सीएसटी रोडवरच्या माझ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते की ही वायर काळीला मारायची, नाहीतर गिऱ्हाईक संध्याकाळी परत येते आणि म्हणते की सेट खराब दिला. मी ते जसेच्या तसे उचलले आणि पुढे माझ्या गाळ्यात आलेल्या चार मुलांना तसेच शिकवले. यातली बोचणारी गोष्ट अशी की बहुतेक गिऱ्हाइकांनी ते मागितलेलेही नसते. ते रिव्हर्स कॅमेरा मागतात, नकाशा मागतात, मोबाइल जोडून गाणी ऐकायला मागतात. व्हिडिओचे कुलूप आपण त्यांना न विचारता तोडून देतो, आणि ते तोडले आहे हे त्यांना सांगतही नाही.

तीन पावसाळ्यांपूर्वी माझ्याकडून स्क्रीन बसवून घेतलेली एक सेडान एका रात्री पूर्व द्रुतगती महामार्गावर समोरच्या मोटारसायकलवर आदळली. गाडी मालक चालवत नव्हते, त्यांचा ड्रायव्हर चालवत होता, आणि समोर क्रिकेटचा सामना चालू होता, हे त्याने स्वतःच नंतर मालकांना सांगितले. मोटारसायकलवरचा मुलगा घरोघरी पार्सल पोहोचवण्याचे काम करणारा होता. तो वाचला, पण गुडघ्याखाली पाय दोन ठिकाणी मोडला आणि त्या वर्षीची दिवाळी होऊन गेली तरी तो कामावर जाऊ शकला नव्हता. एअरबॅग उघडल्यामुळे गाडीचा डॅशबोर्ड बदलायचा होता, म्हणून गॅरेजवाल्यांनी स्क्रीन उतरवायला मला बोलावले. फ्रेम ओढून मी सेट पुढे घेतला तर मागे ती फिकट हिरवी वायर काळीला गुंडाळलेली होती. मी टेपचे शेवटचे टोक नेहमी उलटे दुमडून ठेवतो, पुढे कधी सोडवायची वेळ आली तर नखाने पटकन निघावे म्हणून. ते टोक तसेच दुमडलेले होते.

गाडी ड्रायव्हर चालवत होता, सामना त्याने लावला होता, नजर त्याची हटली होती. हे सगळे खरे आहे आणि त्याची जबाबदारी त्याच्याकडेच राहते. पण ते चित्र त्या वेगाला त्याच्यासमोर दिसू शकत होते ते माझ्यामुळे. मी त्या मुलाला रुग्णालयात भेटायला गेलो तेव्हा गाडीमालकांच्या ओळखीचा माणूस एवढेच सांगितले. खरे काय ते सांगायला मला आणखी एक महिना लागला. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “ती वायर जोडायला किती वेळ लागतो?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे दिसले, तेच तुमच्यापुढे ठेवतो.

हँडब्रेकच्या स्विचपर्यंत वायर न्यायची तर मधला कन्सोल सोडवावा लागतो. छोट्या हॅचबॅकमध्ये दोन-चार स्क्रू आणि काही क्लिपा निघतात, हात बसलेला असेल तर वीस मिनिटांत काम होते. काही गाड्यांत गिअरचे कव्हर आणि मागचा भागही काढावा लागतो आणि अर्धा-पाऊण तास जातो. शनिवार-रविवारी दुकानाबाहेर गाड्यांची रांग असताना हा वेळ काढणे अवघड आहे हे मी जाणतो. पण आपल्यापुढे दोनच रस्ते आहेत असे आपण उगाच धरून चाललो आहोत. ती वायर कुठेही न जोडता मोकळी सोडली, टोकाला टेप लावून हार्नेसच्या बाजूला बांधून ठेवली, तर बहुतेक सेटमध्ये व्हिडिओ बंदच राहतो आणि बाकीचे सगळे चालते: गाणी, फोन, नकाशा, रिव्हर्स कॅमेरा. मोकळी सोडायला काळीला पिळ देण्यापेक्षा कमी वेळ लागतो. वेळ नाही म्हणून ही वायर अर्थला मारतो, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत होतो, आणि ते साफ खोटे होते. काही सेट मात्र वायर मोकळी असेल तर नवा फोन जोडू देत नाहीत किंवा सेटिंग उघडू देत नाहीत. तिथे कन्सोल खोलून वायर खरोखर जोडण्याला पर्याय नाही, आणि त्या कामाचे वेगळे पैसे लावायला मला काही चूक वाटत नाही. मी दोनशे रुपये लावतो आणि बिलावर तसे लिहितो.

ज्या नव्या गाड्यांत हँडब्रेक दांड्याऐवजी बटणावर आहे, तिथे साधा स्विच सापडत नाही. उभ्या गाडीची खूण कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या कंट्रोल युनिटांना जोडणाऱ्या दोन पिळलेल्या वायरींवरून घ्यावी लागते आणि त्यासाठी त्या मॉडेलचे निरोप वाचणारा डिकोडर लागतो. डिकोडर नसेल तर वायर मोकळी सोडा. अंदाजाने कुठल्याही वायरीला टॅप मारू नका. त्याच दोन वायरींवर पुष्कळ गाड्यांत एबीएस आणि पॉवर स्टिअरिंगचेही निरोप जात असतात.

गिऱ्हाईक परत येऊन भांडते, हा तुमचा दुसरा मुद्दा असेल, आणि त्यात तथ्य आहे. टॅक्सी आणि ॲपवर गाडी चालवणारे आपले कितीतरी गिऱ्हाईक बारा-बारा तास गाडीत बसून असतात. विमानतळाच्या पार्किंगमध्ये नंबर लागेपर्यंत दोन तास जातात, तेव्हा त्यांनी एखादा सिनेमा पाहिला तर त्यात गैर काय? काहीच नाही. वायर नीट जोडलेली असेल तर नेमके तेच होते. हँडब्रेक ओढा, सिनेमा बघा. भाडे आले की हँडब्रेक सोडा, चित्र आपोआप बंद. मी हे ज्या ज्या ड्रायव्हरला समजावून सांगितले, त्यांतल्या बहुतेकांनी वायर जोडूनच घेतली. मागच्या सीटवर बसणाऱ्या मुलांसाठी व्हिडिओ हवा असेल तर हेडरेस्टच्या मागे लागणाऱ्या स्क्रीन मिळतात, त्या चालवणाऱ्याला दिसत नाहीत. उरले ते गिऱ्हाईक, ज्याला चालत्या गाडीत स्वतःसमोरच व्हिडिओ हवा असतो. त्याला मी आता नाही म्हणतो. तो शेजारच्या दुकानात जातो हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच हे पत्र माझ्या गाळ्याच्या भिंतीवर न लावता तुम्हा सगळ्यांना लिहितो आहे. एका दुकानाने नाही म्हटले तर फक्त गिऱ्हाईक जाते. पूर्ण सीएसटी रोडने नाही म्हटले तर पद्धत बदलते.

वेगाचा हिशेब एकदा कागदावर करून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. दोन सेकंद नजर स्क्रीनवर गेली तर गाडी ३३ मीटर पुढे सरकलेली असते, म्हणजे बेस्टच्या जवळजवळ तीन मोठ्या बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढे अंतर. अटल सेतूवर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. तिथे तेच दोन सेकंद ५५ मीटरांचे होतात. दोन सेकंद मी मनाने धरलेले नाहीत. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा यंत्रणेने २०१३ साली गाडीतल्या स्क्रीनसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटू नये आणि एका कामासाठी एकूण बारा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये असे धरले आहे. गाण्याचा आवाज कमी करणे, फोन उचलणे या मर्यादेत बसवता येते. चालता सामना बसवता येत नाही, कारण तो नजर धरून ठेवण्यासाठीच असतो. ब्रिटनमध्ये तर १९८६ च्या वाहन नियमांतच चालवणाऱ्याला दिसेल असा टीव्हीचा पडदा गाडीत चालू ठेवायला बंदी आहे. तेव्हा गाडीतला टीव्ही ही चैनीची दुर्मीळ वस्तू होती. आणि हा प्रश्न फक्त आपल्यासारख्या बाहेरून बसवणाऱ्यांचा आहे असेही नाही. टेस्लाच्या गाड्यांत कंपनीनेच दिलेल्या स्क्रीनवर गाडी चालू असताना खेळ खेळता येत होते. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकी यंत्रणेने सुमारे ५ लाख ८० हजार गाड्यांबाबत चौकशी उघडली आणि कंपनीला ती सोय बंद करावी लागली.

आपल्याकडचा कायदाही नकाशा आणि करमणूक यांत फरक करतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून जी दुरुस्ती लागू झाली तिच्यानुसार हातातले उपकरण गाडी चालवताना फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येते, तेही चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. मी स्क्रीनचा विरोधक नाही; मुलांची फी मी स्क्रीन बसवूनच भरतो. मांडीवर ठेवलेल्या मोबाइलमध्ये मान घालून रस्ता शोधण्यापेक्षा डॅशबोर्डावर नजरेच्या जवळ असलेला मोठा नकाशा कितीतरी बरा. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये, जिथे मुले गाड्यांच्या मागेच खेळत असतात, तिथे रिव्हर्स कॅमेऱ्याचे मोल वेगळे सांगायला नको. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत मागचे सेन्सर सक्तीचे झाले, पण त्याआधीच्या लाखो गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्यांना ही सोय आपणच देतो. चांगले काम हातात आहे म्हणूनच ते निर्धोक व्हावे असे मला वाटते.

आता ओघाने आलेच आहे तर आणखी एका वायरीचे बोलतो, कारण तिचीही गत हीच होते. हार्नेसमधली नारिंगी वायर इल्युमिनेशनची असते. हेडलाइट लावले की तिच्यात बारा व्होल्ट येतात आणि स्क्रीनचा प्रकाश मंद होतो. आपण ती बहुधा जोडतच नाही. मग रात्री दहा इंचांची स्क्रीन दुपारच्या प्रकाशाने उजळलेली राहते, तिचे प्रतिबिंब काचेवर पडते, आणि पावसात वायपर चालू असताना ओल्या काचेतून समोरचा बिनदिव्याचा हातगाडीवाला दिसत नाही. जुन्या स्टिरिओच्या कपलरमध्ये पुष्कळदा ही वायर आलेलीच असते. टेस्ट लॅम्प लावून, हेडलाइट चालू-बंद करून दोन मिनिटांत सापडते. ती जोडा. नाहीच सापडली तर सेटिंगमध्ये रात्रीच्या वेळी प्रकाश कमी होईल असे करून द्या आणि गिऱ्हाइकाला ते दाखवा.

स्क्रीन कुठे बसते याकडेही आपले लक्ष कमी असते. काही गाड्यांत हॅझर्डचे, म्हणजे सगळे इंडिकेटर एकदम लावायचे, बटण मधल्या दोन एसी जाळ्यांच्या मध्ये असते आणि मोठी स्क्रीन बसवली की ते तिच्या मागे दडते. फ्रेम विकणारा म्हणतो की बोट घालून दाबता येते. भर पावसात महामार्गाच्या मधल्या लेनमध्ये बंद पडलेल्या गाडीत, घाबरलेल्या माणसाने बोट कुठे घालायचे? अशी फ्रेम मी घेत नाही. बटण पुढे आणून देणारी फ्रेम मिळत असेल तर घेतो, नाहीतर त्या गाडीला सात इंची सेट सुचवतो. एअरबॅगचे तर अजून गंभीर आहे. चालकासाठीची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासाठीची २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, म्हणजे आज आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक नव्या गाड्यांत स्टिअरिंगमध्येही आणि डावीकडच्या डॅशबोर्डातही ती आहे. पापणी लवण्याच्या आत ती उघडते आणि तिच्या झाकणावर जे काही चिकटवलेले असेल ते प्रवाशाच्या तोंडावर फेकते. त्या झाकणावर मायक्रोफोन, जीपीएसची अँटेना किंवा कॅमेऱ्याची वायर चिकटवू नका. बाजूच्या पडदा-एअरबॅग असतील त्या गाड्यांत खांबाच्या आवरणाखालून वायर नेताना ती एअरबॅगच्या पुढून जाणार नाही हे पाहा. पिवळी वेष्टणे असलेले एअरबॅगचे कपलर दिसले की हात मागे घ्यायचा, हे मी माझ्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो.

फ्यूजबद्दल आणि टेपबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्ही सगळे जाणता. जाणूनही आपण बॅटरीतून थेट येणाऱ्या पिवळ्या वायरीवरचा फ्यूज काढून सरळ जोडतो, अॅम्प्लिफायरची वायर बॅटरीजवळ फ्यूज न घालता आत घेतो, आणि जोड डाख (सोल्डर) देऊन किंवा कपलरने न करता पिळून टेप लावतो, जी मुंबईच्या दमट उन्हात दोन उन्हाळ्यांत सैल पडते. चावी फिरवल्यावरच वीज देणारी लाल आणि सतत वीज देणारी पिवळी एकत्र करण्याची सवयही सोडायला हवी, कारण मग चावी काढली तरी सेट वीज खात राहतो. इथे कितीतरी गाड्या आठवडाभर सोसायटीत उभ्या असतात, कारण मालक लोकलने जातात. बंद गाडीतही सेट ०.३ अँपिअर खात राहिला तर दिवसाला सात अँपिअर-तास जातात आणि ३५ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी चार-पाच दिवसांत बसते. मालक बॅटरीवाल्याला दोष देतो.

पुन्हा त्या वायरीकडे येतो, कारण तिच्या बाबतीत भुर्दंड कुणावर पडतो हे आपण लक्षात घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्याबद्दल पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल मालकाने गाडीत करून घेतला तर दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. दोन्ही ठिकाणी सापडतो तो गिऱ्हाईक, ज्याला पुष्कळदा डॅशबोर्डाच्या मागे काय केले आहे याची कल्पनाही नसते. पण आपण सुटतो असे समजू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूच्या सदोषतेबद्दल फक्त बनवणारा आणि विकणाराच नव्हे, तर त्या वस्तूची सेवा देणाराही जबाबदार धरलेला आहे. सदोष काम, जाणूनबुजून दडवलेली माहिती आणि पुरेशी सूचना न देणे, या तिन्हींचा त्या कायद्याच्या कलम ८५ मध्ये उल्लेख आहे. सुरक्षेचे कुलूप न सांगता तोडणे यांपैकी कशात बसते, ते तुम्हीच ठरवा.

जुन्या लोकांना काळ्या फिल्मचे दिवस आठवत असतील. नियम आधीपासूनच होता की पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. आपण तो पाळला नाही. गिऱ्हाइकाने मागितली तेवढी गडद फिल्म लावत गेलो. मग २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि नियमात बसणारी फिल्मसुद्धा काचेवर लावायला मनाई झाली. फिल्मवरच ज्यांचे दुकान चालत होते अशा माझ्या ओळखीच्या दोघांनी तो धंदा सोडला. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅश गार्डवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी कठड्यांवर, कारवाई करण्याचे पत्र केंद्राने राज्यांना धाडले, तेव्हा पुन्हा तेच. स्क्रीनच्या बाबतीत अजून तशी सरसकट बंदी आलेली नाही. ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवलीच्या आरटीओ अधिकाऱ्यांना मला एवढेच म्हणायचे आहे की कधी आमच्याकडे पाहायची वेळ आलीच, तर स्क्रीन आहे म्हणून गाडी अडवू नका. हँडब्रेक सोडून इंजिन चालू करा आणि व्हिडिओ लागतो का ते पाहा. तपासायला एक मिनिट पुरते.

घाऊक माल आणणाऱ्या लॅमिंग्टन रोड आणि ऑपेरा हाऊसच्या व्यापारी बंधूंनी यात मनावर घेतले तर आमचे काम फार सोपे होईल. अँड्रॉइड सेटच्या खोक्यात जीपीएसची अँटेना असतेच, म्हणजे गाडी चालते आहे की उभी आहे हे सेटला वायरीशिवायही कळू शकते. ठरावीक वेगाच्या वर व्हिडिओ बंद होईल आणि तो पर्याय वापरणाऱ्याला बदलता येणार नाही, अशी मागणी माल मागवताना कारखान्याकडे करा. मोठी ऑर्डर देणाऱ्याचे ते ऐकतात. कोस्टल रोडच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात जीपीएस पोहोचणार नाही, तेवढ्यापुरती वायर लागेलच, म्हणून दोन्ही हवे. आणि सेटच्या खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि कमाल किरकोळ किंमत छापणे हे कायद्याने आधीच बंधनकारक आहे. चिठ्ठी नसलेला माल आमच्याकडे पाठवू नका. वायरींचा नकाशाही कागदावर, मराठी-हिंदीत, खोक्यात घाला. फिटरला रंगांवरून अंदाज करायला लावणे बरे नव्हे, कारण प्रत्येक सेटमध्ये या वायरीचा रंग वेगळा असतो.

दुकानदारांना एक छोटी विनंती आहे. बिलावर एक ओळ वाढवा: “हँडब्रेकची वायर जोडली आहे / मोकळी सोडली आहे”, आणि तिच्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्या. जे काळीला मारतात त्यांच्यासाठी तिसरा पर्याय त्या ओळीत नको. फिटरवर दबाव आणू नका. रोजावर असलेला मुलगा मालकाला नाही म्हणू शकत नाही, हे तुम्ही आणि मी दोघेही जाणतो.

मी माझी जुनी बिलबुके काढून बसलो आहे. ज्यांचे फोन नंबर लागतात त्यांना बोलावून ती वायर सोडवून देतो, पैसे घेत नाही. काही जण येतात, काही जण म्हणतात की राहू द्या, गाडी नीट चालते आहे. त्यांना मी पुन्हा फोन करतो. त्या पार्सलवाल्या मुलाच्या पायात अजून सळी आहे, पण तो परत मोटारसायकल चालवतो, आणि कधी भांडुपला आला तर गाळ्यावर चहा घेऊन जातो.

ज्यांना मॉडेलनुसार हँडब्रेकचा स्विच नेमका कुठे सापडतो हे पाहायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी नऊच्या आधी माझ्याकडे यावे. गिऱ्हाईक सुरू होण्यापूर्वी एक तास मोकळा असतो. येताना टेस्ट लॅम्प आणि क्लिप काढायचे प्लास्टिकचे पाने घेऊन या, माझ्याकडे एकच जोडी आहे.

आपला,
भांडुपचा एक स्टिरिओ फिटर